पाहुणी अक्षरे आणि घरचे भांडार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत किंवा नाट्य यांविषयी काही ऐकावयास मिळावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आमचा आजचा विषय मात्र कारखान्यातला आहे. उरला येथील औद्योगिक वसाहत म्हटली की लोखंड, रोलिंग मिल आणि धुराडी हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाला पिशवी लागते, पिशवीवर मजकूर लागतो आणि मजकुराला अक्षरे लागतात. वेष्टनांची छपाई करणाऱ्या एका कंपनीत आम्हा काही मराठी मंडळींकडे या अक्षरांचे भांडार सांभाळण्याचे काम आहे. संगणकावरील या अक्षरसंचांना आज सर्वजण फॉन्ट म्हणतात. आमच्या भांडारातील एकही फॉन्ट कंपनीने स्वतः घडविलेला नाही. सारे बाहेरून आलेले आहेत. बाहेरून आलेल्या अक्षराला घरात कसे घ्यावे, त्याचा हिशेब कसा ठेवावा आणि त्याच्याकडून आपली मराठी निर्दोष कशी वदवून घ्यावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

बाहेरून आलेले अक्षर म्हणताच कोणाला कमीपणा वाटू नये. छापील मराठीचा आरंभच पाहुण्या अक्षरांनी झाला आहे. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. त्या छापखान्यासाठी नागरी अक्षरे कोरण्याचे काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आरंभिले होते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, मराठी ज्यांची मातृभाषा नव्हती अशा हातांनी आपल्या अक्षरांना धातूचे रूप दिले. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहॅम यांनी नागरी खिळ्यांचे साचे सुधारले. त्याच छापखान्यात खिळे घासण्याचे काम करणारा एक मुलगा होता. तोच पुढे जावजी दादाजी म्हणून प्रसिद्धीस आला. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचे सुबक खिळे महाराष्ट्राबाहेर संस्कृत आणि हिंदी ग्रंथांच्या छपाईसाठीही गेले. मुंबई वळणाचे अ, झ आणि ण पुढे मानक हिंदी वर्णमालेनेही स्वीकारले. परक्याकडून घेतलेले अक्षर आपण पारखून आपलेसे केले आणि मग तेच इतरांना दिले, असा हा व्यवहार आहे.

आपल्या या प्रदेशालाही अशा देवघेवीचा वारसा आहे. १९०० मध्ये पेंड्रा येथून निघालेल्या ‘छत्तीसगढ मित्र’ या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे हे मराठी घरातले होते. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनीच हिंदीत नेले. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन्हींचे बारकावे राखावे लागतात, हे त्यांच्या जीवनकार्यावरून दिसते. आम्ही रोज अक्षरांच्या पातळीवर जे करतो, ते त्याच कामाचे एक लहानसे अंग आहे.

आता भांडाराकडे वळू. धातूच्या खिळ्यांच्या काळात छापखाना टाइप वजनावर विकत घेत असे. खिळा झिजे, तुटे, हरवे आणि शेवटी भट्टीत वितळे. म्हणून प्रत्येक केसचा हिशेब ठेवणे मालकाला भाग पडे. संगणकाचा फॉन्ट झिजत नाही. त्याची दुसरी प्रत क्षणात निघते, आणि म्हणूनच त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. कोणी पेनड्राइव्हमधून आणतो, कोणी ग्राहकाच्या फाइलीबरोबर आलेला तसाच ठेवून घेतो. वर्ष-दोन वर्षांत संगणकावर शेकडो नावे जमतात आणि कोणते कोठून आले, हे सांगणारा कोणी उरत नाही.

यासाठी आमच्याकडे नियम असा आहे की, नवा फॉन्ट थेट कामाच्या संगणकावर जात नाही. तो प्रथम ओसरीवर थांबतो. तेथे त्याला विचारावयाचा पहिला प्रश्न कुळाचा: निर्माता कोण, आवृत्ती कोणती, आणला कोठून? दुसरा प्रश्न अधिकाराचा. फॉन्ट विकत घेतला म्हणजे त्याची मालकी मिळाली, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक सामान्यतः मिळतो तो वापरण्याचा परवाना. तो किती संगणकांसाठी आहे, केवळ छपाईसाठी की संकेतस्थळासाठीही, हे त्यात लिहिलेले असते. एवढेच नव्हे, तर पीडीएफमध्ये तो फॉन्ट अंतर्भूत करता येईल की नाही, केवळ पाहण्या-छापण्यापुरता करता येईल की पुढे संपादन करण्यासाठीही, याची खूण निर्मात्याने फाइलीतच नोंदविलेली असते. संगणकाच्या आज्ञावलीला आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा या अटी शोभेच्या समजू नयेत.

परवान्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही. मुक्त परवान्याखाली दिलेले उत्तम देवनागरी फॉन्ट आज विनामूल्य मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ त्यांपैकीच एक. कॅनडातील टायरो टाइपवर्क्स या संस्थेने तर देवनागरीचे मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन स्वतंत्र फॉन्ट दिले आहेत. या मुक्त परवान्यालाही अटी असतात. फॉन्ट एकटाच वस्तू म्हणून विकता येत नाही. आणि निर्मात्याने नाव राखून ठेवले असल्यास आपण बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही. विनामूल्य वस्तूचाही हिशेब ठेवावा लागतो, तो यासाठी.

तिसरी परीक्षा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: या अक्षराला मराठी येते काय? देवनागरी लिपी हिंदीची आणि मराठीची एकच, तेव्हा हिंदीला चालणारा फॉन्ट मराठीला चालेलच, असे मानले जाते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्या. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. भेद आहे तो केवळ रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र यांचा. तसेच ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही. म्हणून केवळ हिंदीचा विचार करून घडविलेल्या फॉन्टात तो कधी विसरला जातो, कधी वेडावाकडा येतो. विदर्भात जाणाऱ्या एका पिशवीवर ‘वाऱ्यापावसापासून जपा’ असे छापावयाचे होते. ग्राहकाकडून आलेल्या फॉन्टात ते ‘वार्यापावसापासून’ असे उमटत होते. छपाईपूर्वीच ते नजरेस आले. हिंदीभाषक सहकाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसले नव्हते. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याच्या भाषेत तो भेदच नाही.

दुसरे उदाहरण ल आणि श यांचे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तीच रूपे प्रमाण मानली. परंतु युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा ल एकाच क्रमांकाने साठविला जातो. कोणते वळण उमटेल, हे फॉन्ट ठरवितो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदविली तरच मराठी वळण पुढे येते. ही नोंद करावयास कोणी विसरला, तर घरात असलेला पाहुणा बोलावलाच नाही असे होते.

तिसरे उदाहरण ॲ या स्वराचे. ॲसिड, ॲल्युमिनियम हे शब्द उरल्यात पदोपदी लागतात. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. तत्पूर्वी अ वर चंद्र देऊन तो लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात आणि एका रूपाने शोधल्यास दुसरे सापडत नाही. म्हणून आम्ही पन्नासएक शब्दांची एक कसोटी केली आहे. तीत वर सांगितलेले शब्द आहेत, कुऱ्हाड आणि तऱ्हा आहे, बाळ आणि नारळ आहे, अवघड जोडाक्षरे आहेत. प्रत्येक नवागत फॉन्टात ही यादी छापून काढतो आणि मराठी वाचणाऱ्या दोघांच्या नजरेखालून घालतो. उत्तीर्ण झाला तर वहीत नाव चढते, नाहीतर ‘केवळ हिंदीसाठी’ असा शेरा पडतो.

भांडारात घेतल्यानंतर सर्व संगणकांवर एकच आवृत्ती असावी लागते. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतील, तर एके ठिकाणी चार ओळींत बसलेला मजकूर दुसरीकडे पाच ओळींत जातो. नवी आवृत्ती आली तरी जुनी आम्ही पुसत नाही. ज्या कामात ती वापरली, त्या कामाबरोबर ती जपून ठेवतो. दोन वर्षांनी तीच पिशवी पुन्हा छापावयाची झाली, म्हणजे या सावधगिरीचे मोल कळते.

आता या साऱ्याचा आपल्या मंडळाशी काय संबंध, ते सांगून भाषण आवरते घेतो. संगणकाच्या पहिल्या पर्वात आपल्या भागात कृतिदेवसारखे फॉन्ट सर्रास वापरले जात. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. ‘भारत’ हा शब्द त्या फाइलीत वस्तुतः एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांच्या रूपात पडून असतो. फॉन्ट असेपर्यंत तो भारत दिसतो, फॉन्ट गेला की निरर्थक जंजाळ उरते. ते मजकूर ज्या पेजमेकरमध्ये मांडले जात, त्याची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ ची. ॲडोबी कंपनीने जानेवारी २०२३ पासून ‘टाइप वन’ या जुन्या जातीच्या फॉन्टांचा आधारही आपल्या आज्ञावलींतून काढून घेतला. त्या फॉन्टांत तयार केलेल्या पीडीएफ आजही दिसतात व छापता येतात, पण मूळ फाइल उघडून दुरुस्ती करावयाची म्हटल्यास वाट बंद होते.

पन्नास वर्षांच्या संस्थेच्या संग्रहात काय काय असते, ते आपण जाणतोच: वार्षिक अंक, सभासदांच्या याद्या, नाटकांच्या पत्रिका, दिवंगतांना वाहिलेल्या श्रद्धांजली. येथे जन्मलेल्या आपल्या नातवंडांना, आपले आजोबा कोणत्या गावाहून आले आणि त्यांनी येथे काय उभारले, हे याच कागदांतून कळावयाचे आहे. शिशाच्या खिळ्यांनी छापलेला जुना अंक आजही उघडून वाचता येतो. त्यानंतरच्या, संगणकावर रचलेल्या अंकाची छापील प्रत हरवली असेल आणि फॉन्टही उरला नसेल, तर फाइल हाती असून आपण निरक्षर ठरतो.

यास्तव तीन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी मंडळाचे जुने अंक असतील, त्यांनी त्यांच्या प्रती ग्रंथालयात द्याव्यात. ज्यांच्या संगणकावर जुन्या फाइली असतील, त्यांनी त्यांबरोबर मूळ फॉन्टाचे नाव, आणि परवाना मुभा देत असल्यास फॉन्टही, जपावा. आणि त्या फाइली युनिकोडमध्ये आणल्यावर ज्येष्ठांनी शेजारी तरुणांना बसवून त्या मोठ्याने वाचाव्यात. रूपांतर करणारे यंत्र नेमके आपल्या अर्ध्या र पाशीच अडखळते. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’, ‘बऱ्हाणपूरकर’ अशी आडनावे चुकीची उमटली, तर ती चूक उमगणारा माणूस या प्रांतात आपल्याच घरांतून मिळावयाचा आहे. कोणत्याही यंत्रावर ते काम सोपविता येणार नाही.

अक्षरे श्रीरामपुराहून आली, मुंबईहून आली, आज ती कॅनडाहूनही येतात. त्यांचे स्वागत असो. त्यांच्या हातून आपली नावे नीट लिहिली जातात की नाही, एवढे पाहण्याची जबाबदारी आपण घ्यावी, ही प्रार्थना आहे.