मंद प्रकाशातली जिवंत पेशी

प्लॅनेरिया या चपट्या कृमीवर लेसरचा झोत पडला, की तो अंग आक्रसतो आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र बिघडतं. प्रकाश कमी केला, तर पडद्यावर नुसते ठिपके! जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये यावर सुंदर तोडगा मांडला. निश्चल नमुन्यांची एक मंद, एक लख्ख अशी चित्रं जोडीनं दाखवून त्यांनी संगणकाला शिकवलं. मग 60पट कमी प्रकाशातही पेशीकेंद्रकं ओळखू येऊ लागली. धोका एकच: अनोळखी ऊतीत संगणक प्रत्यक्षात नसलेली रचनाही रंगवू शकतो. म्हणून त्यांनी एकच चित्र अनेक न्यूरल नेटवर्कना, म्हणजे अशा उदाहरणांतून शिकलेल्या संगणकप्रणालींना, दिलं. जिथे त्यांची उत्तरं जुळत नाहीत, तो भाग संशयास्पद धरला जातो.