तिसरीच्या वर्गातली पहिली

(जून २०२२मध्ये रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाची संहिता)



पंधरा जूनला आमच्या शाळेची घंटा वाजली. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच ती जून महिन्यात, ठरलेल्या दिवशी वाजली. आदल्या दिवशी आम्ही शिक्षकांनी आणि गावातल्या काही आयांनी मिळून वर्ग धुतले, दाराला आंब्याचे टाळे बांधले. मुलं आली. आल्या आल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, खिचडी हाय ना?" आहे म्हटल्यावरच त्याने दप्तर खाली ठेवलं.

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे, पटावर सोळा मुलं. नवी पुस्तकं वाटली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आपलं पुस्तक नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला. मग एकेक पान उलटत तिने सगळी चित्रं पाहिली. मी जवळ बसले आणि म्हटलं, "वाच बघू एक ओळ." तिने ओळीवर बोट ठेवलं. 'क' ओळखला, 'म' ओळखला, पुढच्या काना-मात्रांशी बोट थांबलं. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी शाळेत आलेच नाही ना."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. ही मुलगी जून २०२०मध्ये पहिलीत गेली, पण कागदोपत्री. करोनामुळे पहिलीचं सबंध वर्ष शाळा बंद होती. दुसरीचं वर्ष लागलं तरी आमची दारं बंदच. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ला. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंद झाले, आणि २४ तारखेपासून पुन्हा भरू लागले. म्हणजे ज्या मुलाने एकही दिवस चुकवला नाही, त्याच्याही वाट्याला दोन वर्षांत पाच महिन्यांची शाळा आली नाही. आणि ही तर ऊसतोड मजुराची लेक. शाळा उघडली तेव्हा ती आईबापांबरोबर फडावर होती, कोपीत लहान भावाला सांभाळत होती. यंदा ऊस इतका होता की हंगाम मे महिन्यातही संपेना. ती गावात परतली तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. शाळा गावात होती तेव्हा ती गावात नव्हती, ती आली तेव्हा शाळा नव्हती.

माझ्या वर्गातली सात मुलं साधी वाक्यं वाचतात. पाच मुलांना अक्षरं येतात पण शब्द जोडता येत नाही. चौघांना अक्षरंही येत नाहीत. या सोळाही मुलांच्या हातात तिसरीचं पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकाला हे ठाऊक नाही.

बंदीच्या काळात प्रयत्न झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे धोरण होतं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकर लावून धडे ऐकवले गेले. आम्हीही झाडाखाली, देवळाच्या ओट्यावर चार-चार मुलं गोळा केली. पण मोबाइलच्या शाळेचं खरं रूप 'असर' या शिक्षण-अहवालाच्या २०२०च्या पाहणीत दिसलं. देशातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी जवळपास ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, आणि तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून अभ्यासाचं काही मिळालं होतं ते साधारण एक तृतीयांश मुलांनाच. फोन घरात असतो, पण तो बापाच्या खिशात शेतावर जातो. आमच्याकडे तर तो फडावर जायचा.

आता प्रश्न असा की शाळा उघडल्या, पुढे शिकवायचं काय?

गेल्या दोन वर्षांत आपण अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. गेल्या वर्षी १ जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास दिला. हेतू चांगला होता. पण ज्या मुलाने पहिलीचं एकही पान पाहिलेलं नाही, त्याला दुसरीचं पुस्तक पाऊण करून दिल्याने काय होणार? पाया घातलेला नसेल तर भिंत थोडी कमी उंचीची बांधून भागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या वर्षी प्राथमिक शाळेने पुस्तक 'पूर्ण करण्याचा' हट्ट सोडावा. पहिले काही महिने वाचन, लेखन, बोलणं आणि अंकगणित एवढंच असावं, आणि मूल ज्या पायरीवर उभं आहे त्या पायरीपासून ते व्हावं. माझा वर्ग मी तीन गटांत बसवला आहे. पाठ किती झाले, हे यंदा मला कोणी विचारू नये. किती मुलं वाचायला लागली, हे विचारावं. त्याचं उत्तर मी दर महिन्याला देईन.

पायरी ओळखायची तर मूल काय शिकून आलंय तेही पाहावं लागतं. ही मुलं दोन वर्षं रिकामी बसलेली नव्हती.

त्याच मुलीचं सांगते. मी तिला विचारलं, चौऱ्याण्णव मोठे की एकोणनव्वद? या प्रश्नाला वरच्या वर्गातली मुलंही चुकतात, कारण 'एकोणनव्वद' म्हणताना कानाला 'नव्वद' ऐकू येतं. ती लगेच म्हणाली, "चौऱ्याण्णव. एकोणनव्वद झाले की दवाखान्यात न्यावं लागतं." गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिची आजी आजारी होती. आशाताई रोज येऊन आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आणि आकडा वाचायचं काम या पोरीकडे असायचं. इंग्रजी आकडे तिला मोबाइलमुळे येत होते, आणि त्यांची नावं तिने मोठ्यांच्या तोंडून ऐकून पाठ केली. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की धावत जाऊन सांगायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आजी बरी झाली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर नव्वदपासून शंभरपर्यंतचे आकडे लिहिले आणि त्या मुलीला शिकवायला उभं केलं. उसाच्या वाढ्याच्या पेंढ्या मोजून विकणाऱ्या मुलांना बेरीज येते, फक्त ती वहीत कशी मांडायची ते येत नाही. आमचं काम तिथून सुरू होतं.

आणि जो आजार घराघरात येऊन गेला, तो वर्गात अनोळखी राहावा, हे मला पटत नाही. विषाणू म्हणजे काय, साबणाने तो का मरतो, लस काय करते, बंद खोलीपेक्षा उघड्या ओट्यावर बसणं का बरं, हे लहान मुलांना कळेल अशा भाषेत शिकवता येतं. सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या पाहणीला आम्ही शिक्षक दारोदार फिरलो, तेव्हा लोकांच्या मनातली भीती आणि गैरसमज आम्ही जवळून पाहिले. ती भीती मुलांनीही ऐकलेली आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील करोनाच्या लाटेत गेले. तो चित्र काढतो, त्यात घराच्या दारात नेहमी एक मोटारसायकल उभी असते. त्याच्याशी कोणी तरी बोललं पाहिजे. त्याच्यासाठी वर्गात वेळ काढणं हेही शिकवणंच आहे.

तीन जानेवारीला आपण शाळाशाळांतून सावित्रीबाई फुल्यांच्या तसबिरीला हार घालतो. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, हे आमच्या पहिलीतल्या पोरीही सांगतात. पण १८९७च्या प्लेगात त्या पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णसेवा करत होत्या, आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथे आणलं, आणि त्याच साथीने १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं, हे किती मुलांना ठाऊक असतं? गेल्या आठवड्यात मी ही गोष्ट सांगितली. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारलं, "त्यांना मास्क नव्हता का?" इतिहासाचा तास याहून चांगला कसा व्हावा?

वरच्या वर्गांबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या हाताखाली शिकून पुढे गेलेल्या दोन मुली नववीच्या पटावरून कमी झाल्या. शाळा बंद, हाताला काम नाही, लग्न थोडक्यात उरकतं, म्हणून दोघींची लग्नं लावून दिली. मुलीच्या लग्नाचं वय अठरा आहे आणि मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, हे प्रत्येक मुलीला पाढ्यांसारखं पाठ हवं. शाळेने यंदा हे शिकवलंच पाहिजे, परीक्षेत विचारोत न विचारोत.

शाळेने मुलाकडे जावं, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं अंगणात असतील तर अंगणात, गुरांमागे रानात असतील तर तिथे कुरणशाळा. साथीच्या काळात ओट्यावर वर्ग भरवताना मला त्यांची रोज आठवण यायची. मग फडावर गेलेल्या मुलांसाठी आपण काय करणार आहोत?

यंदा दसरा ५ ऑक्टोबरला आहे. त्यानंतर ऊसतोड मजुरांना न्यायला मुकादमाच्या गाड्या गावात येऊ लागतील. त्या मुलीला वाचायला शिकवण्यासाठी माझ्या हाती साडेतीन महिने आहेत, आणि तेवढ्यात ती वाचू लागेल अशी माझी खात्री आहे. पण मार्चपर्यंत ती पुन्हा फडावर राहिली तर शिकलेलं पुसून जाईल. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांना हात जोडून सांगते, यंदा लेकरांना गावात ठेवा. आजी-आजोबांजवळ ठेवा, किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. आणि जे गावातच राहणार आहेत, त्या सरपंचांना, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझं सांगणं आहे की त्या वसतिगृहाची मागणी दिवाळीची वाट न बघता आत्ताच, याच महिन्यात ग्रामसभेत मांडा.