किंवा तुम्ही सांगाल त्यांच्या नावे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेवर बोलण्याची सवय असलेल्या माणसाने आज घरांच्या सौद्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण असे. बीडच्या जुन्या वस्तीत, राजुरी वेस, बशीरगंज, पेठ बीड या भागांत पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या काही घरांचे मूळ कागद उर्दूत आहेत. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचा कारभार उर्दूतून चाले. आता ते कागद वाचणारे कमी उरले. मला उर्दू येते, म्हणून घर विकायचे ठरले की कोणीतरी पिवळा पडलेला बैनामा घेऊन माझ्या दारात येतो. चहा होतो, कागद वाचून होतो आणि मग हळूच दुसरा कागद पुढे येतो. हा मराठीत असतो, त्यावर नोटरीचा शिक्का असतो. ती असते इसार पावती. ''हीपण एकदा बघून घ्या,'' असे म्हणतात.

या पावतीत बहुतेक वेळा एक वाक्य भेटते. ''मुदतीत उरलेली रक्कम मिळताच तुमच्या किंवा तुम्ही सांगाल त्यांच्या नावे खरेदीखत करून देईन.'' विकणारा माणूस रक्कम बघतो, तारीख बघतो, सही करतो. ''किंवा तुम्ही सांगाल त्यांच्या नावे'' या शब्दांवर त्याची नजर थांबत नाही. एक मोठा धंदा मात्र याच शब्दांवर उभा आहे. आपल्याकडे त्याला इसारावर सौदा फिरवणे म्हणतात.

हा धंदा चालतो तो असा. एक जण जुने घर हेरतो. मालकाशी भाव ठरवतो, थोडा इसार देतो आणि तीन-चार महिन्यांची मुदत घेतो. त्याला घर घ्यायचेच नसते. त्या मुदतीत तो एखादा गुत्तेदार शोधतो, जो पडके घर घेऊन, दुरुस्त करून पुढे विकतो. त्याला तो हा सौदा चढ्या भावाने देतो. खरेदीखत मालकाकडून थेट गुत्तेदाराच्या नावे होते. मधल्या माणसाचे नाव त्यात कुठेच येत नाही. मधला फरक त्याचा.

यात तो विकतो तरी काय? घर नव्हे, कारण घर त्याचे नसतेच. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 54 वे कलम सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्पच्या खटल्यात हेच पुन्हा बजावले. मालकी बदलते ती नोंदवलेल्या खरेदीखताने. म्हणजे मधला माणूस विकतो ती ठरलेल्या भावात घर घेण्याची संधी. आणि ती संधी त्याला दिलेली असते घरमालकाने, बहुधा न कळत.

आमच्या गल्लीतल्या एका चाचींची गोष्ट सांगतो. आकडे थोडे गोल करतो. नवरा गेला, मुले पुण्यात. माळवदाचे घर, पावसाळ्यात गळणारे. एका ओळखीच्या माणसाने सतरा लाखांत सौदा केला, पन्नास हजार इसार दिला. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेणारा म्हणून जो गृहस्थ बसला होता, त्याला चाचींनी कधी पाहिलेले नव्हते. तो गुत्तेदार भला माणूस होता. सह्या झाल्यावर सहज म्हणाला, ''चाची, एकवीस लाखांत तुमचंही समाधान झालं ना?'' चाचींनी संध्याकाळी मला विचारले, ''भाई, मैंने घर बेचा किसकू?''

चार लाख गेले, याचे दुःख होतेच. पण त्यांनी पैशांचे विचारले नाही. आपण घर नक्की कोणाला विकले, हे त्यांना कळत नव्हते.

आता गुत्तेदाराच्या बाजूने हिशेब मांडू. त्याची सुरुवात शेवटापासून होते. दुरुस्त केल्यावर हे घर किती जाईल? समजा चाळीस लाख. दुरुस्ती किती? खांब-तुळयांना वाळवी आहे का, माळवदावरची माती काढून स्लॅब टाकायचा का, भिंती दगड-मातीच्या आहेत का, हे सारे बघून नऊ लाख. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जड माळवदे आणि दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा घरात पुन्हा जीव गुंतवताना घेणारा हिशेब करणारच. मुद्रांक, नोंदणी, व्याज, दलाली मिळून चार लाख. स्वतःचा नफा सहा लाख. चाळिसातून एकोणीस वजा केले, राहिले एकवीस. याहून एक रुपयाही जास्त त्याला परवडत नाही. मधला माणूस हा आकडा जाणून असतो. आपले चार बाजूला काढून तो मालकाला सतरा सांगतो.

मालकाचा हिशेब मात्र उलट्या दिशेने चालतो. मुलीचे लग्न, दवाखान्याचे बिल, मुलाचा प्लॉट यांची बेरीज करून तो म्हणतो, मला सोळा लागतात. सतरा ऐकून तो खूश होतो. एक जण घराची किंमत मोजतो आणि दुसरा आपली गरज मोजतो. फरक पडतो तो इथेच.

हे केवळ आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकेत या धंद्याला घरांचे होलसेलिंग म्हणतात. तिथल्या घर-दुरुस्तीवाल्यांचा एक ठोकताळा आहे. दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के काढायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, त्यापेक्षा जास्त द्यायचे नाही. चाचींच्या घराला तो लावला तर चाळीसचे सत्तर टक्के अठ्ठावीस, वजा नऊ, राहिले एकोणीस. म्हणजे गणित साधारण तेच. पण तिथे तक्रारी वाढल्या तशी काही राज्ये जागी झाली. इलिनॉय राज्याने 2019 मध्ये कायदा बदलला. वर्षभरात एकाहून अधिक असे सौदे करणाऱ्याला दलालीचा परवाना बंधनकारक झाला. ओक्लाहोमाने 2021 मध्ये असाच कायदा केला. आपल्याकडे 2017 पासून महारेरा आहे, पण त्याखाली दलालाने नोंदणी करायची ती नोंदणीकृत गृहप्रकल्पांतल्या विक्रीसाठी. गल्लीतल्या एकट्या जुन्या घरापर्यंत तो हात पोचत नाही.

मग मधला माणूस म्हणजे लबाडच, असे मी म्हणणार नाही. जुन्या घराच्या सौद्यात कष्ट असतात. एक भाऊ पुण्यात, एक बहीण हैदराबादला, आजोबांच्या नावाचा फेरफार झालेलाच नाही, पुढच्या खोलीत जुना भाडेकरू. हे सगळे जुळवणारा माणूस मेहनतीचे खातो. चांगला मधला माणूस गुत्तेदारालाही फसवत नाही. वाळवी लपवली किंवा दुरुस्ती कमी सांगितली, तर तो गुत्तेदार पुन्हा त्याच्या दारी येत नाही. गंमत अशी की घेणाऱ्याकडे त्याला पुन्हा जायचे असते, म्हणून तिथे तो खरे बोलतो. विकणारा आयुष्यात एकदाच भेटतो.

मधल्या माणसाचा हिशेब आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ऊसतोडीला जाणारा आपला माणूस मुकादमाकडून उचल घेतो. त्या उचलीत जाचही असतो. पण उचल देणारा मुकादम आहे आणि पलीकडे कारखाना आहे, एवढे तरी कोयत्याला ठाऊक असते. इसार घेणाऱ्याला पलीकडे कोण आहे, हे अनेकदा ठाऊकच नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे. मधल्या माणसाने नफा जरूर घ्यावा, पण मी हे घर स्वतःसाठी घेत नाही, पुढे देणार आहे, हे सही घेण्याआधी सांगावे. तो सांगत नसेल तर विकणाऱ्याने विचारावे. ''किंवा तुम्ही सांगाल त्यांच्या नावे'' हे शब्द खोडायला सांगावेत. निदान त्या शब्दांची वेगळी किंमत मागावी.

विकणाऱ्याच्या हातात आणखीही काही गोष्टी आहेत. शेजारचे घर कितीला गेले, हे गुपित नसते. दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक दोन असते. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे फी भरून ती कोणालाही पाहता येते. सरकारी मूल्यदरांचे तक्ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर असतात. बाजारभाव त्याहून वेगळा असू शकतो, पण अंधारात चाचपडण्यापेक्षा ते बरे. दुरुस्तीचा अंदाज आपल्या ओळखीच्या गवंड्याकडून आणि सुताराकडून घ्यावा. इसार चेकने घ्यावा. 2015 पासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास मनाई आहे आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला.

आणि कागद आधी नीट करावेत. वारसाची एक सही कमी असली की भाव लाखाने उतरतो. बहिणींचा वाटा हिंदू कायद्यातही आहे आणि मुस्लिम कायद्यातही. बहिणीला शेवटच्या दिवशी सहीपुरते बोलावण्यापेक्षा पहिल्या दिवशी ओसरीवर बोलवा. भाव ठरताना ती समोर असली तर हिशेब करणारे डोकेही एक वाढते.

शेवटी शब्दांचा माणूस म्हणून दोन शब्द सांगतो. सौदा या शब्दाला उर्दूत व्यवहार असाही अर्थ आहे आणि वेड असाही. गरजेच्या घाईत सही करताना दुसरा अर्थ आठवावा. आणि दलाल हा शब्द अरबीतून आला आहे. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ आहे वाट दाखवणे. मूळचा हा शब्द शिवीसारखा नाही. तो तसा झाला, कारण वाट दाखवताना ती कुठे जाते हे सांगायचे राहून जाऊ लागले.

आता कोणी इसार पावती घेऊन आले की मी ते वाक्य मोठ्याने दोनदा वाचतो आणि विचारतो, ''हे 'तुम्ही सांगाल ते' कोण?'' पुष्कळदा सही आधीच झालेली असते. परवा मात्र एक मुलगा सहीच्या आदल्या रात्री आला. सही दोन दिवस लांबली आणि त्याच्या आईला दोन लाख जास्त मिळाले. मधल्या माणसालाही त्याचे मिळाले. कोणीच उपाशी राहिले नाही.