यंत्राचा ताप

चिंचवड-भोसरीकडील एखादा तरुण कारागीर महिनोन्महिने पगारांतून शिल्लक टाकून जुनी मोटार घेतो आणि हौसेनें तिच्या इंजिनास सुपरचार्जर जोडतो. मोटार वाऱ्यासारखी धांवते. पण चाकणच्या तळेगांव चौकांतील गर्दींत शिरतांच उष्णतेचा काटा चढूं लागतो, आणि सारी शिल्लक वाफेवर जाण्याची वेळ येते.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनांत हवा दाबून भरणारा पंप. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. त्याचा भाऊ टर्बोचार्जर धुराच्या झोतावर फिरतो. अधिक हवा आंत गेली कीं अधिक इंधन जाळतां येतें. परंतु त्या उष्णतेचा सुमारें एकतृतीयांश भागच कामीं येतो. उरलेली धुरावाटे व पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. शिवाय दाबलेली हवा स्वतःच तापते. ३० अंशांची हवा दीडपट दाबापर्यंत नेली, तर निर्दोष पंपांतही ती सुमारें ६७ अंशांवर पोंचते. अशा तप्त हवेंत इंधन अवेळीं पेटतें, इंजिन ठोके देऊं लागतें आणि पिस्टनला भोंकही पडतें.

म्हणून काटा कोठें चढतो, हें आधीं पाहावें. गर्दींत चढून मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर रेडिएटरांतून वारा पुरेसा जात नाहीं, पंखा तपासावा. खंडाळ्याच्या घाटांत, पूर्ण जोरांत चढत असेल, तर रेडिएटरच अपुरा आहे, किंवा ठिणगीची वेळ वा इंधनाचें मिश्रण चुकलें आहे.

चाकणलाच बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचें उदाहरण बोलकें आहे. तिचें १.२ लिटरचें साधें इंजिन ७५ अश्वशक्तीचें होतें. २०१३ सालीं त्याच मापाचें टर्बो इंजिन १०५ अश्वशक्तीचें आलें. पण तें जुन्यावर टर्बो चढवून केलेलें नव्हतें. त्याची रचनाच निराळी होती, आणि दाबलेली हवा निवविण्यास पाण्याचा स्वतंत्र मार्ग होता. आधीं उष्णतेला वाट, मग शक्तीची मागणी, हा तो क्रम.

नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे, हेंही त्या तरुणानें आधींच जाणून घ्यावें.

आणि काटा लाल रेघेस भिडलाच, तर मोटार थांबवून इंजिन बंद करावें; रेडिएटरचें झांकण मात्र तें निवेपर्यंत उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांहूनही अधिक तापलेलें असतें आणि झांकण सुटतांच तोंडावर उसळतें. इंजिन पुन्हां बांधतां येतें. गेलेले डोळे परत येत नाहींत.