आधी वाचणं, मग सही
(रात्रीचे वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



रात्रीचा वर्ग कसा घ्यावा यावर बोल, असं मला सांगितलं आहे. पाड्यावर वर्ग घेताना जे कळलं तेवढंच सांगतो.

सरकारने 2 ऑक्टोबर 1978 ला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पण पुष्कळ ठिकाणी माणूस सही करू लागला की साक्षर झाला असं धरतात. मला हे पटत नाही. सही येते पण वाचता येत नाही, असा माणूस अंगठेवाल्यापेक्षा जास्त फसतो. अंगठा असला तर निदान विचारता येतं, कागद याला वाचून दाखवला होता काय? सही दिसली की सावकार म्हणणार, शिकलेला आहे, वाचूनच केली. म्हणून माझ्या वर्गात सही शेवटी. काही जण रुसतात, नाव लिहायची हौस असते. रुसू द्या.

आता वाचायचं काय? दिवसभर आवणी करून आलेला माणूस 'क कमळाचा' ऐकायला जागणार नाही. आम्ही दंडाच्या पावतीवरून सुरुवात केली. जंगल खात्याच्या पावत्या घरोघरी आहेत, कोणाच्या पेटीत, कोणी कुडाला खोचलेल्या. फळ्यावर 'पावती' लिहिलं. त्या अक्षरांतून वात निघाली, पात निघाली, ताप निघाला. ताप म्हटल्यावर सगळे हसले. मग ज्याने त्याने आपापली पावती काढली. 31 मार्च 1978 च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायला तेव्हा याच पावत्या कामाला येत. म्हणून तारीख वाचायची, आणि दंड कशाबद्दल तेही वाचायचं. एकीवर 'अतिक्रमण' होतं, दुसरीवर नुसतं 'गवत'. गवताच्या पावतीने जमीन कसली हे कसं ठरणार? त्या रात्री उशीर झाला तरी कोणी उठेना.

हिशेब आपल्या माणसांना येतोच. कुठल्या तुकड्यात भाताचं किती पायली बी लागतं, हे म्हातारी बाय तोंडावर सांगते. एकर, गुंठेही कळतात. कागदावर मात्र हेक्टर आणि आर. एक आर म्हणजे साधारण एक गुंठा, 40 आर म्हणजे जवळजवळ एक एकर. दोन एकर कसणाऱ्याच्या पंचनाम्यात 0.80 च्या जागी 0.20 पडलं, तर तिथल्या तिथे बोलता आलं पाहिजे.

ब्राझील देशात पावलो फ्रेअरी नावाचे शिक्षक शेतमजुरांना असेच त्यांच्या रोजच्या शब्दांवरून शिकवत. तिथे तेव्हा निरक्षराला मत नव्हतं. 1964 साली लष्कराने सत्ता घेतली आणि या मास्तरांना तुरुंगात टाकलं. आपल्याकडे निरक्षरालाही मत आहे, पण 7/12 वर नाव नाही.

अजून एक. शुद्ध बोला म्हणून वर्गात कोणाला टोकू नका. एकदा टोकलेली बाय दुसऱ्या रात्री येत नाही. कागदाची भाषा वाचायला शिकायची आहे, घरची भाषा सोडायची नाही.

दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो आणि वर्ग मोडतो. यंदा जाणाऱ्यांतल्याच एकाला वही-पेन्सिल देऊन पाठवू. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, रोज लिहायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं. कोण जाणार, त्यांची नावं आजच सांगा.