उन्हाळ्यातला राक्षस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावलंय, "नाटकाच्या आठवणी सांगा, पण दहा मिनिटांत आटपा." नटाच्या हातात माईक द्यायचा आणि घड्याळही दाखवायचं, हा अन्याय आहे! तरी प्रयत्न करतो.

तुम्ही बरेच जण मला मालिकेतला वकील नाहीतर नवरीचा बाप म्हणून ओळखता. पण मला खरा नट केला तो मे महिन्याने. मी राक्षस होतो. वीस-एक उन्हाळे मी बालनाट्यात राक्षस केला, मधूनमधून प्रधान, एकदा तर बोलणारं झाडसुद्धा.

मराठीत मुलांसाठी नियमित, मोठ्यांच्या नाटकाइतक्याच तयारीने नाटक उभं राहिलं ते सुधा करमरकरांमुळे. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून त्या परतल्या आणि 1959 साली मुंबईत त्यांनी 'लिटल थिएटर'तर्फे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. लेखक होते तरुण रत्नाकर मतकरी. पुढे मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण आजच्या आजी-आजोबांना आठवत असेल. नातवंडांनी तीच चेटकीण वैभव मांगलेंच्या रूपात पाहिली. दोन पिढ्या एकाच चेटकिणीला घाबरल्या, ही काय साधी गोष्ट आहे?

बालनाट्याचा हंगाम म्हणजे परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत. तेवढ्या दिवसांत वर्षाची बेगमी करायची. एका दिवशी दोन-दोन, कधी तीन प्रयोग. सकाळी भरत नाट्य मंदिर, दुपारी दुसरीकडे, आणि मधल्या वेळात टेम्पोत सेटवर बसून वडापाव. माझ्या अंगात कापूस भरलेला अंगरखा, डोक्यावर शिंगं, तोंडाला काथ्याची दाढी. दुसऱ्या अंकापर्यंत दाढीचा गोंद घामाने सुटायचा. मग आरोळी ठोकताना एक हात हनुवटीला. मुलांना वाटायचं, राक्षस विचार करतोय.

नाईट फार मोठी नसायची. पण एरवी कुणी न बोलावणाऱ्या आमच्यासारख्या नटांच्या घरात जूनमधल्या वह्या-पुस्तकं आणि रेनकोट या मे महिन्यातूनच यायचे. एका पोराच्या तिकिटामागे आई किंवा आजोबा यायचेच, म्हणून निर्मात्याचंही गणित जमायचं.

पैशापेक्षा मोठी कमाई वेगळी. मोठा प्रेक्षक सभ्य असतो. कंटाळला तरी बसून राहतो, शेवटी टाळ्याही वाजवतो. मूल तसं करत नाही. प्रसंग रेंगाळला की पहिल्या रांगेतून आवाज येतो, "आई, सू!" मग एकामागून एक दहा जणांना लागते. आणि रंगलं, तर मी खांबामागे लपल्यावर आख्खं थिएटर राजपुत्राला ओरडून सांगतं, "मागे बघ, मागे!" तो गलका पूर्ण होऊ द्यायचा, मगच पुढचं वाक्य. थांबायचं किती, हे मला कुठल्या शिबिरात नाही, त्या पोरांनी शिकवलं.

1986 साली डॉ. मोहन आगाशे यांच्यामुळे बर्लिनचं 'ग्रिप्स' पुण्यात आलं. त्यात परी नाही, राक्षस नाही. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातले. मी पाहायला गेलो तो धास्तावूनच, आता आपलं कसं होणार! पण बाहेर पडताना एवढं समजलं, की मुलांना खोटं चालत नाही. राक्षस चालतो, खोटा राक्षस चालत नाही.

आता आपल्या मुळशीचं सांगतो. ऐंशीच्या दशकात पौडच्या पुढच्या एका गावात जत्रेला आमचा प्रयोग होता. आपला तालुका भाताचा. ताम्हिणीकडून पाऊस सुरू झाला की उघड्यावर काही करायची सोयच नाही, नंतर लावणी, मग कापणी-झोडणी. त्यामुळे जत्रा, लग्नं, तमाशा, नाटक, सगळं मृगाच्या आत. कोरड्या ठणठणीत खाचरात फळ्या टाकून स्टेज, मागे कनात, दोन पेट्रोमॅक्स. दुसऱ्या रात्री तमाशा होता, म्हणून आमच्या नाटकाला लोक "पोरांचा तमाशा" म्हणत होते. पेट्रोमॅक्समुळे कनातीवर माझी सावली दोन पुरुष उंच पडली आणि अर्धं पोरगं बांधापलीकडे पळालं! प्रयोग संपल्यावर एक म्हातारी तांब्याभर ताक घेऊन आत आली. म्हणाली, "घे रं लेकरा. राक्षस झाला म्हणून काय झालं, उकडतंच की." असा पुरस्कार मला पुन्हा मिळालेला नाही.

ही गोष्ट इथे सांगायला कारण आहे. आपण बसलोय ती भूगावची जागाही भाताचीच होती. इथून जवळचं नाट्यगृह म्हणजे कोथरूडचं यशवंतराव चव्हाण. चांदणी चौक ओलांडून तिथे मुलांना नेणं किती घरांना जमतं, तुम्हीच सांगा. आणि गेटबाहेरच्या मुलांना?

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. मे महिन्यात आपला हॉल प्रदर्शनांना भाड्याने जातो. त्याचा मेंटेनन्सला हातभार लागतो, हे मी जाणतो. तरी पंधरा दिवस तो मुलांना द्या. तालीम करू, मुलांचं नाटक मुलांनाच लिहू देऊ. त्यात आपल्या वॉचमनची, कामाला येणाऱ्या ताईंची आणि गावठाणातली मुलं असू देत, आणि ती पाहुणी म्हणून नकोत, नट म्हणून हवीत. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, सोलर बसवलं, बोअरवेल घेतली. आता एक नाटक बसवू.

राक्षस लागला तर ए विंग, तिसरा मजला. दाढी माझ्याकडे आहे, गोंद सोसायटीने आणावा.