विटाळ

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!

मायबाप हो, कीर्तनकार नेहमी अभंग घेऊन उभा राहतो. आज मी अभंग घेतलेला नाही, फक्त एक शब्द घेतला आहे. तीनच अक्षरं आहेत, पण त्यांनी आपल्या घरात किती दारं लावली ते बघा. शब्द आहे, विटाळ.

हा शब्द आजकालचा नव्हे. बाराव्या शतकात हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ‘विट्टाल’ असा शब्द आहे, आणि अर्थ दिलाय अस्पृश्याचा संसर्ग. पाहा माउली, हा शब्द मळासाठी आला नाही, रोगासाठी आला नाही. तो माणसासाठी आला. कपड्याला चिखल लागला तर आपण म्हणतो, कपडा मळला. विटाळला म्हणत नाही. मळ पाण्यानं जातो. विटाळ कशानं जातो? गोमूत्र शिंपडा, आंघोळ करा, दहा सोपस्कार करा. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तिथंच उभा राहिला की पुन्हा विटाळ आहेच. मग तो होता कुठं? त्याच्या अंगावर, की तुमच्या मनात?

बोलण्यातही हा शब्द किती ठिकाणी शिरला आहे! देव विटाळला, स्वयंपाक विटाळला, विहीर विटाळली. आणि घरातली लेक-सून चार दिवस बाजूला बसली की ती विटाळशी. लहान मुलांनी विचारलं तर सांगायचं, कावळा शिवला. बिचाऱ्या कावळ्यावरही आळ!

आता माझीच गोष्ट सांगतो. दुसऱ्याचा दोष सांगून कीर्तन रंगतं, पण स्वतःचा सांगितल्याशिवाय ते पोटात उतरत नाही.

साल 1970 च्या आसपास. मी दहा वर्षांचा. आपला भंडारा म्हणजे धानाचा मुलूख. आषाढात रोवणी सुरू झाली की आमच्या बांधीत पंधरा-वीस बाया उतरायच्या. कंबर वाकवून, गुडघाभर चिखलात, दिवसभर पऱ्हे लावायच्या. दुपारी शिदोरी सोडून धुऱ्यावर बसल्या की पितळेचा गडवा घेऊन पाणी द्यायचं काम माझं. आईनं शिकवून पाठवलं होतं, ‘वरून टाकजो. गडवा लागू देऊ नको, विटाळ होते.’ त्या ओंजळ धरायच्या, मी हातभर उंचीवरून धार सोडायचो. अर्धं पाणी कोपरावरून मातीत जायचं. त्यातली एक बाई रोज म्हणायची, ‘हळू टाक गा बाबू, पानी सांडते.’

तेव्हा संविधानाचं सतरावं कलम येऊन वीस वर्षं झाली होती. 1955 चा कायदाही झाला होता. कायदा दिल्लीत होता, गडवा माझ्या हातात होता.

दिवाळीच्या सुमारास तेच धान कापून, कांडून घरी आलं. त्या भाताचा पहिला घास देवाला दाखवला. तेव्हा कुणालाच विटाळ आठवला नाही! रोपाला त्यांचे हात लागले तर चालले, गडव्याला चालले नाहीत. आणि जिनं मला हे शिकवलं ती माझी आई स्वतः महिन्यातले चार दिवस परसात बसायची. तिलाही पाणी वरूनच मिळायचं. ज्या शब्दानं तिला दूर बसवलं, तोच तिनं माझ्या हातात दिला. मी आईला दोष देत नाही. विटाळाची रीतच अशी आहे, ज्याला बोचतो तोही पुढच्याला टोचतो.

हे आपल्या संतांना कळलं नव्हतं का? चोखोबांनी विचारलं, त्यांच्या घरधनीण सोयराबाईंनी विचारलं. जन्मच ज्यातून होतो त्यापासून कोणता देह वेगळा आहे? त्या प्रश्नाला सातशे वर्षं झाली. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. आपण तिथं माथा टेकवून आत जात राहिलो, आणि त्यांच्या लेकरांना दार बंद राहिलं. ते उघडायला साने गुरुजींना 1 मे 1947 पासून पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. 10 मेला ते सुटलं. देवाला विटाळ होत नव्हता हो, अडचण दारावर बसलेल्यांची होती.

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव, म्हणून तुम्हाला हे लवकर कळेल. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की काय होतं? कळकतं. त्या ताकाला बाहेरून कुणी शिवलं का? नाही. भांड्यालाच आतून कल्हई नव्हती. मायबाप, ताकाला नाव ठेवू नका, भांडं बघा. कथील लावून कल्हई होते, तशी नामानं मनाला होते. पण त्याआधी भांडं घासावं लागतं. न घासता कल्हई धरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन माझ्याकडे होतं. काला म्हणजे काय? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकात कालवायच्या. त्या पंगतीत कडेला एक म्हातारी बसली होती. मी पाणी घेऊन गेलो, तर तिनं ओंजळ धरली. आवाजावरून ओळखलं. तीच. म्हटलं, ‘माय, गडवा घे हातात.’ म्हणाली, ‘राहू द्या महाराज, सवय हाय.’

तिची सवय! ती कुणी लावली?

मी खाली बसलो. गडवा तिच्या हातात दिला आणि माझी ओंजळ पुढं केली. म्हटलं, ‘आज तू पाज.’ तिचा हात थरथरत होता. ती म्हणाली, ‘हळू पी गा बाबू.’

यानं माझं जुनं पाणी फिटलं असं मी म्हणत नाही. मातीत गेलेलं पाणी परत येत नाही. पण तुमच्या घरी मजुरांचा कप वेगळा ठेवला असेल, सून कोपऱ्यात बसली असेल, तर हे पान मिटण्याआधी उठा. तो कप आपल्या कपांत ठेवा. तिला हाक मारा. आणि आपल्या लेकराच्या हातात गडवा द्याल, तेव्हा हा शब्द सोबत देऊ नका.

बोला, ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!